साउथ पास बघायला जाताय? मग आधी डोक्यातली 'खिंड' काढून टाका

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैच्या शेवटी सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोनला निघालोय. बरोबर आईबाबा (68 आणि 72) आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीला शाळेत ऑरेगॉन ट्रेल, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेला जायची वाट, शिकवल्यापासून तिला 'वॅगन जिथून डोंगर ओलांडायच्या ती जागा' बघायचीच आहे. ती जागा म्हणजे वायोमिंगमधला साउथ पास. एक मित्र म्हणाला, तिथे बघण्यासारखं काही नाही, चार तास फुकट जातील. भाड्याची गाडी आहे. वाट वाकडी करावी का, आणि केली तर नेमकं काय बघावं?

करावी. पण तुमचा मित्र खोटं बोललेला नाही. तिथे खरोखरच काही दिसत नाही.

मी रस्त्यांच्या आखणीत उभी हयात घालवली. आधी महाराष्ट्रात, नंतर कोलोरॅडोत. निवृत्तीनंतर डेन्व्हरहून या जुन्या गाडीवाटांवर पाहुणे घेऊन हिंडतो. साउथ पासला आजवर अकरा वेळा गेलोय आणि दर वेळी बरोबरच्या माणसांचे चेहरे बघत आलोय. गाडीतून उतरतात, चहूकडे बघतात, कुणी तरी हळूच विचारतं, "अजून किती लांब आहे?" मग मी सांगतो की आपण खिंडीत उभे आहोत.

आपली पंचाईत शब्दापासूनच होते. खिंड म्हटली की आपल्याला पावनखिंड आठवते: दोन्हीकडे कडे, मध्ये अरुंद वाट, चार माणसं उभी राहिली की रस्ता बंद. साउथ पास ही तसली खिंड नव्हेच. उत्तरेला विंड रिव्हर पर्वतरांग संपते, दक्षिणेला ऑरेगॉन ब्यूट्सचे सपाट माथ्याचे डोंगर उभे आहेत, आणि मधे कित्येक मैल रुंद, सेजब्रशच्या करड्या झुडपांनी भरलेलं, किंचित फुगीर माळरान. उंची 7,412 फूट, म्हणजे सुमारे 2,260 मीटर. कळसूबाई 1,646 मीटर आहे. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी सहाशे मीटर चढून तुम्ही उभे असता आणि वाटतं सोलापूरकडच्या माळावर आलोय.

आता हेच माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो, म्हणजे त्या 'काहीच नसण्या'चं मोल कळेल. घाटरस्ता आखताना आम्ही साधारण 20 ला 1 चढ धरायचो, म्हणजे 20 मीटर गेल्यावर एक मीटर वर. बोरघाटातली रेल्वे 37 ला 1 चढावर आहे आणि तेवढ्यासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. इथे गाड्या स्वीटवॉटर नदीच्या काठाने यायच्या. इंडिपेंडन्स रॉक नावाच्या खडकापासून खिंडीपर्यंतचं अंतर सुमारे 160 किलोमीटर आणि चढ साधारण 450 मीटर. भागाकार करा: साडेतीनशेला एक. मधे रॉकी रिजसारखे दोन-चार वाईट तुकडे आहेत, पण सरासरी ही. निसर्गाने आखलेला असा रस्ता माझ्या उभ्या नोकरीत माझ्या टेबलावर कधी आला नाही. अमेरिकेच्या पाठीचा कणा म्हणजे रॉकी पर्वत. त्याच्यात बैलगाडी जाईल, वाटेत बैलांना चारा-पाणी मिळेल आणि चढ जाणवणारही नाही अशी सोयीची जागा होती ती ही. म्हणूनच 1840 ते 1869 या काळात तीन ते पाच लाख माणसं इथून पश्चिमेला गेल्याचा अंदाज सांगतात. ऑरेगॉनचे शेतकरी, युटाहचे मॉर्मन पंथाचे लोक, कॅलिफोर्नियाचे सोनं शोधणारे, सगळ्यांच्या वाटा वेगवेगळ्या, पण खिंड एकच.

लष्करी सर्वेक्षक जॉन फ्रेमाँट 1842 मध्ये किट कार्सनला वाटाड्या घेऊन इथे आला. त्याने अहवालात लिहिलं की हा चढ वॉशिंग्टनमधल्या रस्त्यावरून कॅपिटॉलच्या टेकाडावर जाण्याइतपतच आहे. सरकारने तो अहवाल छापला, लोकांनी तो वाचला आणि बायकापोरं घेऊन माणसं निघाली. जाहिरात करावी तर अशी.

शोध कुणी लावला, असं मुलगी विचारणारच. पाठ्यपुस्तकात जेडेडाया स्मिथ या फरच्या शिकाऱ्याचं नाव असतं, 1824 सालचं. त्याआधी ऑक्टोबर 1812 मध्ये रॉबर्ट स्टुअर्ट सहा सोबत्यांसह पॅसिफिक किनाऱ्याकडून पूर्वेला येताना इथून गेला होता, पण ती गोष्ट फारशी पसरली नाही. स्मिथच्या टोळीला वाट कशी सापडली ते मात्र मुलीला जरूर सांगा. क्रो या तिथल्या मूळ जमातीच्या तळावर त्यांनी खाणाखुणा करून रस्ता विचारला. क्रो लोकांनी कातडं पसरलं, त्यावर वाळूचे ढीग करून डोंगर मांडले आणि कुठून जायचं ते दाखवलं. म्हणजे शोध लागला तो गोऱ्यांना. शोशोनी आणि क्रो लोकांची ती रोजची वाट होती. स्मिथची माणसं मार्चमध्ये पोचली तेव्हा वारा इतका होता की शेकोटी टिकेना. तो वारा अजून तिथेच आहे. जुलैतही आईबाबांसाठी कानटोपी ठेवा, मी चेष्टा करत नाही.

आता रस्ता. सॉल्ट लेक सिटीहून आय-80 ने पूर्वेला रॉक स्प्रिंग्ज, सुमारे 180 मैल. वाटेत फोर्ट ब्रिजर लागतं. जिम ब्रिजरने 1843 मध्ये तिथे दुकान थाटलं होतं, गाडीवाल्यांना दाणागोटा, लोहारकाम आणि ताजे बैल पुरवायला. पाय मोकळे करायला तासभर थांबा. रॉक स्प्रिंग्जहून 191 ने उत्तरेला 40 मैलांवर फार्सन. चौरस्त्यावरच्या जुन्या विटांच्या दुकानात आइस्क्रीमचे प्रचंड कोन मिळतात. सगळ्यात लहान मागवा, तोही नऊ वर्षांच्या मुलीला संपणार नाही. पेट्रोल मात्र इथेच भरा. पुढे राज्य महामार्ग 28 ने लँडरपर्यंत सुमारे 75 मैल आहेत आणि मधे भरवशाचं काही नाही. मोबाइलचं नेटवर्कही जातं-येतं, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. मुक्काम लँडरला. त्याच दिवशी यलोस्टोन गाठायच्या भानगडीत पडू नका, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. तुमचा मित्र 'चार तास' म्हणाला. खरं तर एक अख्खा दिवस जातो. तो देता येत नसेल तर सरळ जॅक्सनच्या रस्त्याने जा, मला वाईट वाटणार नाही.

तुम्ही पश्चिमेकडून येणार, म्हणजे सगळी वाट उलटी बघणार. त्यात नुकसान नाही, फक्त डोक्यात दिशा पक्की ठेवा. फार्सनहून निघाल्यावर डाव्या हाताला विंड रिव्हरची बर्फाची शिखरं, उजवीकडे दूर ऑरेगॉन ब्यूट्स. वाटेत 'पार्टिंग ऑफ द वेज' असा एक फलक लागतो. ऑरेगॉन आणि कॅलिफोर्नियाचे फाटे इथे फुटले असं समजून लोक फोटो काढतात. ती जागा चुकीची आहे. खरा फाटा तिथून आणखी सुमारे 10 मैल पश्चिमेला, माळावर आहे. पण फलकापाशी उभं राहून मुलीला प्रश्न घालायला हरकत नाही: डावीकडे गेलीस तर फोर्ट ब्रिजर, पाणी आहे, पण लांबचा पल्ला. उजवीकडे सब्लेट कटऑफ, काही दिवस वाचतात, पण ग्रीन नदीपर्यंत 40-50 मैल थेंबभर पाणी नाही. तुझ्याकडे तीन बैलजोड्या आहेत आणि त्यातली एक लंगडतेय. बोल, कुठे वळायचं? माझा नातू दहा मिनिटं गप्प बसला होता. एरवी तो दहा सेकंद गप्प बसत नाही.

तिथून पुढे, खिंडीच्या अलीकडे, महामार्गालगत दक्षिणेला साउथ पासचं ओव्हरलूक आहे, माहितीफलक लावलेलं. आईबाबांना एवढंच दाखवलंत तरी चालेल, कारण गाडीपासून फार चालावं लागत नाही. इथे तीन गोष्टी शोधा. एक, ऑरेगॉन ब्यूट्स: गाडीवाले या डोंगरांच्या रोखाने येत. दोन, खाली हिरवा पट्टा दिसेल, ते पॅसिफिक स्प्रिंग्ज. सगळं रान करडं आणि तेवढंच हिरवं. तीन, त्या हिरव्यापासून डावीकडे, पूर्वेला, माळावरून जाणारी फिकट रेघ. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप असेल तरच ती नीट उठून दिसते. भर दुपारी सगळं एकरंगी होतं. शक्य असेल तर दुपारी चारनंतर पोचा. मात्र त्याच वेळी वळवासारखे ढग भरून येतात. विजेचा कडकडाट सुरू झाला तर गाडीत बसायचं. त्या माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

पॅसिफिक स्प्रिंग्ज बघताना पाण्याचा हिशोब सांगा. खिंडीच्या पूर्वेला स्वीटवॉटर नदी. ती नॉर्थ प्लॅटला, मग प्लॅट, मिझुरी, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखाताला. पॅसिफिक स्प्रिंग्जचं पाणी उलट बाजूला, सँडी नद्यांतून ग्रीन नदीत आणि कोलोरॅडो नदीतून पॅसिफिककडे. गाडीवाल्यांना माथा कळायचा तो असाच. चढावरून नव्हे, तर झऱ्याचं पाणी पश्चिमेला वाहताना दिसलं म्हणजे. डायऱ्यांत कित्येकांनी लिहून ठेवलंय की माथा नेमका कुठे ओलांडला ते उमगलंच नाही. दोन महिने ज्या डोंगराची धास्ती घेतली तो आलाही आणि गेलाही. आणि त्या ऑरेगॉन ब्यूट्सपाशी आणखी एक गंमत आहे: पाणी दोन बाजूंना वाटणारा माथा, म्हणजे जलविभाजक, तिथे फुटून दोन होतो आणि मधे एक मोठं खोरं उरतं, ज्याचं पाणी कुठल्याच समुद्राला जात नाही, जागीच आटतं.

माथा ओलांडला की माणूस 1846 च्या आधी देशही ओलांडत होता, हे हल्ली कुणी सांगत नाही. पूर्वेला अमेरिकेचा मुलूख. पश्चिमेला ऑरेगॉन कंट्री, ज्यावर अमेरिका आणि ब्रिटन दोघांचा हक्क. दक्षिणेला थोडं गेलं की 42 अक्षांशाखाली मेक्सिको. व्हिसा-पासपोर्ट काही नाही, एक फुगीर माळ.

प्रत्यक्ष खिंडीत जायचं तर महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याने काही मैल दक्षिणेला उतरावं लागतं. इथे माझं ऐका. रस्ता कोरडा असेल तर उंच गाडी सावकाश जाते. शेवटचा भाग दोन चाकोऱ्यांचा आहे. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल, किंवा ढग येताना दिसत असतील, तर जाऊ नका. 2009 साली मी भाड्याची साधी मोटार घेऊन गेलो. रस्ते बांधणारा माणूस, मला कोण शिकवणार! वीस मिनिटांची सर आली. तिथली माती चिकण. कोरडी असताना सिमेंटसारखी, ओली झाली की कणकेसारखी. आधी चाकाला लागली, मग चाकाच्या वरच्या खोबणीत भरत गेली, आणि शेवटी चाकं फिरायचीच थांबली. खाली उतरलो तर बुटांना दोन-दोन किलोचे लगदे. स्क्रूड्रायव्हरने माती खरवडत दीड तास बसलो होतो. गुरांमागे आलेल्या एका रँचवाल्याने पिकअप लावून ओढून काढलं. तो काही बोलला नाही, नंबरप्लेटकडे बघून नुसता हसला. भाड्याच्या कंपन्यांच्या करारात बहुतेक कच्च्या रस्त्याला मनाई असते, तेही एकदा वाचून घ्या. शंका असेल तर गाडी महामार्गाजवळच सोडून जमेल तितकं चालत जा.

खिंडीत दोन दगड आहेत. एक एझ्रा मीकरने लावलेला. हा माणूस 1852 मध्ये तरुणपणी बायको आणि तान्ह्या बाळासह बैलगाडीने ऑरेगॉनला गेला. पंचाहत्तरीत, 1906 मध्ये, पुन्हा बैल जुंपले आणि उलटा पूर्वेला निघाला, का तर लोक ही वाट विसरत चाललेत म्हणून. गावोगाव दगड लावत गेला. दुसरा दगड 1916 चा, नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या दोन मिशनरी बायकांच्या नावाचा: 4 जुलै 1836 रोजी खिंड ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया. 'गोऱ्या' हा शब्द दगडावरच आहे, तो मुलीला वाचायला लावा. शोशोनी बायका पाठीवर पोरं घेऊन किती पिढ्या इथून ये-जा करत होत्या, त्यांचा दगड नाही. पण त्या दोघींचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. त्याआधी 1832 मध्ये कॅप्टन बोनव्हिलने वीस गाड्या खिंडीपार नेल्या होत्या, म्हणजे चाक जाऊ शकतं हे ठरलं होतं. 1836 ला ठरलं की संसारही जाऊ शकतो.

दगडांपाशी फोटो काढून लगेच फिरू नका. चाकोरीच्या कडेने पूर्वेला अर्धा मैल चाला, मग पाठ फिरवून पश्चिमेला चालत परत या. गाडीवाल्यांनी बघितलं ते तुम्हाला आता दिसेल. आणि ते चालतच होते. गाडीत बसून जायचे ही सिनेमाची कल्पना. गाडीची पेटी साधारण दहा फूट बाय चार, तिच्यात टनभर पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, अवजारं. स्प्रिंग नाही. आजारी आणि तान्ही मुलं सोडली तर सगळे पायी, दिवसाला 15 मैल, चार ते सहा महिने. आणि गाडीला बहुतेकांचे बैल असायचे, घोडे नव्हेत. बैल मिळेल ते खातो, स्वस्त पडतो आणि तग धरतो.

हे मला खरं समजलं ते माझ्या वडिलांमुळे. आप्पा मंगळवेढ्याकडचे शेतकरी, जन्म बैलगाडीत गेला. ते एकदाच अमेरिकेत आले. मी त्यांना ग्रँड कॅनियन दाखवला. "मोठा खड्डा आहे," म्हणाले. इथे आणलं तर चाकोरीपाशी उकिडवे बसले आणि अर्धा तास उठेनात. मधल्या उंचवट्यावरून हात फिरवत म्हणाले, "गाडी भरलेली जायची इकडं, रिकामी तिकडं न्हाई." कसं कळलं विचारलं, तर येणाऱ्या गाड्यांची वेगळी चाकोरी कुठं दिसत नाही म्हणाले. खरंच आहे, परतणारे थोडे. मग म्हणाले, "चढाचं काय सांगतोस, बैलाला उतार जड." तेही खरं. ब्रेक नसलेली भरली गाडी मागून बैलावर येते. या वाटेवरचे खरे भीतीचे टप्पे उताराचेच होते. मागच्या चाकांना साखळी बांधून चाकं जाम करत आणि गाडी दोरांनी सोडत.

पुढे कॅस्परच्या नॅशनल हिस्टॉरिक ट्रेल्स इंटरप्रिटिव्ह सेंटरमध्ये जुनं जू दाखवलं. आप्पा चक्रावले. तिकडच्या बैलाला वशिंड नसतं, मग जू टेकतं कुठे? तिथे मानेखालून इंग्रजी 'यू' आकाराचं वाकवलेलं लाकूड घालतात, जुवाच्या भोकांत अडकवतात आणि बैल खांद्याने रेटतो. वेसण नाही, कासराही नाही. हाकणारा डाव्या बाजूने चालत ओरडणार: 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे. "बिनवेसणीचा बैल ऐकतो?" हा प्रश्न त्यांनी मला पुढची दोन वर्षं फोनवर विचारला. पत्री, म्हणजे नाल, मारायची पद्धत मात्र ऐकल्याबरोबर ओळखली. बैल घोड्यासारखा तीन पायांवर उभा राहत नाही, म्हणून हे लोक त्याला आडवा पाडत किंवा चर खणून त्यात घालत आणि चिरलेल्या खुराला दोन अर्ध्या पत्र्या ठोकत. आपल्याकडे दोर टाकून पाडतात, तेच. आणि कोरड्या हवेने चाकाचं लाकूड आकसतं, चाकावरची लोखंडी धाव सुटायला लागते. मग संध्याकाळी चाकं नदीत भिजत घालायची, फटीत पाचर ठोकायची. हे वायोमिंगच्या डायऱ्यांत आहे आणि चैत्रात मंगळवेढ्यातही होतं. तुमच्या बाबांचं बालपण गावाकडचं असेल तर त्यांना बोलतं करा; माहितीफलकापेक्षा जास्त मिळेल.

चाकोरीत गाडी घालू नका, आणि गंजका खिळा किंवा पत्र्याचा तुकडा सापडला तर तिथेच ठेवा. ही केंद्र सरकारची जमीन आहे, 1961 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ, आणि जुन्या वस्तू उचलणं गुन्हा आहे. कुंपणाचं फाटक उघडलंत तर लावून घ्या, गुरं चरत असतात. पॅसिफिक स्प्रिंग्जच्या दलदलीत उतरू नका. तिथे बैल रुतायचे, आणि डास तर जुलैत अजून आहेत.

उंचीचा त्रास आईबाबांना होऊ शकतो: डोकं जड, धाप. सॉल्ट लेकला एक-दोन दिवस राहून निघालात तर बरं. पाणी पीत राहावं, चालणं त्यांच्या मर्जीने.

परत महामार्गावर आल्यावर लँडरच्या दिशेने साउथ पास सिटीचा फाटा लागतो. नाव एक असलं तरी हे गाव खिंडीत नाही, बरंच बाजूला आहे. गूगलने तिथे नेलं की लोक 'खिंड पाहिली' म्हणून परततात. हे सोन्याच्या खाणीचं गाव. 1867 मध्ये कॅरिसाची खाण सापडली, दोन-चार वर्षं धमाल, मग ओस. वीसहून अधिक मूळ इमारती जपून ठेवल्या आहेत आणि उन्हाळ्यात आतून बघता येतात. इथल्याच गुत्तेवाल्या विल्यम ब्राइटने स्त्रियांना मताधिकार देणारं विधेयक मांडलं आणि डिसेंबर 1869 मध्ये वायोमिंग टेरिटरीने ते मंजूर केलं. दोन महिन्यांत एस्थर मॉरिस याच गावात न्यायदंडाधिकारी झाल्या, अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री. आईंना हे गाव खिंडीपेक्षा नक्की जास्त आवडेल, शिवाय स्वच्छतागृह आहे. मला स्वतःला सजवून ठेवलेली गावं फारशी भावत नाहीत, पण तो माझा दोष.

एक गोष्ट मुलीला सांगावी की नाही ते तुम्ही ठरवा. खिंडीच्या पूर्वेला रॉकी रिज आणि रॉक क्रीक ही ठिकाणं आहेत. 1856 मध्ये मॉर्मन लोकांची विलीची तुकडी, सुमारे चारशे माणसं, बैलगाड्या परवडत नव्हत्या म्हणून हातगाड्या ओढत आली. निघायला उशीर झाला आणि ऑक्टोबरच्या बर्फात सापडली. 23 ऑक्टोबरला त्यांनी रॉकी रिज ओलांडला; रॉक क्रीकला पंधरा जणांना पुरलं. सगळ्या प्रवासात साठांहून जास्त गेले. चढ साडेतीनशेला एक असला तरी तारीख चुकली की ही वाट माणसं खात होती. चार जुलैपर्यंत इंडिपेंडन्स रॉक गाठायचा, हा सगळ्यांचा ठोकताळा त्यासाठीच. तुम्ही जुलैच्या शेवटी पोचणार म्हणजे त्या हिशोबाने दोन-तीन आठवडे मागे आहात, हे मुलीला नक्की सांगा.

लँडरकडे उतरताना रेड कॅनियनचा लालभडक कडा दिसतो, थांबण्याची जागा आहे. आणि इथे तुम्हाला आपला ओळखीचा घाट भेटेल, उतरतच राहणारा. गाड्या या बाजूने का आल्या नाहीत ते एका नजरेत कळतं. दुसऱ्या दिवशी लँडरहून ड्युबॉयकडे जाताना विंड रिव्हर आरक्षित प्रदेशातून जाल. ज्यांच्या कुरणांवरून लाखो बैल चरून गेले त्या पूर्व शोशोनींना 1868 च्या फोर्ट ब्रिजर तहाने ही जमीन उरली. अरापाहो जमातीचे लोक नंतर आले. पुढे टोग्वोटी पास, साडेनऊ हजार फुटांहून उंच, दाट झाडी, वळणं, समोर टीटॉनचे सुळके. मुलगी म्हणेल, "ही खरी खिंड!" दिसायला आहेच ती. पण ऑरेगॉन ट्रेलवरची गाड्यांची रांग तिकडे फिरकली नाही.

आणि साउथ पासही शेवटी मागे पडलाच. 1869 मध्ये रेल्वे झाली ती दक्षिणेकडून, कोळसा आणि जवळचा रस्ता बघून. आय-80 आज बरंचसं तिच्याच सोबतीने जातं, म्हणजे सकाळी तुम्ही ज्या रस्त्याने आलात त्याच वाटेने ही खिंड रिकामी केली. म्हणून तिथे गाव नाही, हॉटेल नाही, तिकीट नाही. गेल्या वेळी दीड तासात आम्हाला प्राँगहॉर्न हरणांचा कळप दिसला, माणूस एकही नाही.

मुलीसाठी शेवटचं. सगळी मुलं हे करतात, तीही करेल: बाटली घेऊन माथ्यावर उभं राहायचं, अर्धं पाणी पूर्वेला ओतायचं, अर्धं पश्चिमेला, आणि कुठलं कुठल्या समुद्राला जातं ते बघायचं. माझ्या नातवाने ओतलं तेव्हा पाणी दोन्हीकडे वीतभर पसरलं आणि जागीच मुरलं. त्याला भारी राग आला. दुसरी बाटली मागायला लागला, आणि गाडीत तेवढीच उरली होती. तेव्हा फार्सनला पेट्रोलबरोबर पाण्याच्याही दोन बाटल्या जास्त घ्या.